बत्तीसचा एकतीस

मांजरसुंब्याच्या चौकातून एक रस्ता पाटोद्याकडे फुटतो, एक केजकडे, आणि मोठा हमरस्ता बीडवरून येऊन सोलापूरकडे निघून जातो. त्या चौकात, धाब्यांच्या रांगेत, सिद्धेश्वर अप्पांचं टायर-ऑइलचं दुकान आहे. ट्रकवाले हवा बघायला थांबतात, शेतकरी प्लग आणि क्लचवायर घ्यायला. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून अप्पा गल्ल्यामागे बसलेले असतात. पण पुण्याहून आणि हैदराबादेहून त्यांना जे फोन यायचे ते टायरसाठी नसायचे. जुन्या इंग्रजी मोटारसायकलींचे फोटो यायचे आणि खाली एकच प्रश्न असायचा. "अप्पा, खरी का खोटी?"

हे वेड त्यांना अंबाजोगाईच्या मामाकडून लागलं. मामाचं गॅरेज होतं. निजामाच्या राज्यातल्या जहागीरदारांच्या, पलटणीतल्या गोऱ्या साहेबांच्या मागे राहिलेल्या गाड्या फिरत फिरत मामाच्या दारात यायच्या. शाळा सुटली की सिद्धेश्वर तिथंच. मामा गाडीभोवती दोन फेऱ्या घालायचा, खाली बसायचा, चिंधीनं पुसून हात फिरवायचा आणि मगच तोंड उघडायचा. पुढे मामा गेला, गॅरेज बंद पडलं, पण भाच्याच्या डोळ्यांत ती नजर उतरली होती. फ्रेमच्या मानेवर आणि इंजिनाच्या पोटाशी कारखान्यानं ठोकलेले आकडे असतात. त्या आकड्यांची ठेवण, त्यांची खोली, दोन अक्षरांमधलं अंतर बघून अप्पा सांगायचे की हा ठोका कारखान्यातला आहे की कुण्या लोहाराचा. त्यातही शर्यतीच्या गाड्यांवर त्यांचा विशेष जीव. नकला सगळ्यात जास्त होतात त्या शर्यतीच्या गाड्यांच्याच. साध्या गाडीला नवी टाकी बसवली, बिल्ला डकवला की झाली शर्यतीची गाडी.

अशा किती तरी गाड्या अप्पांनी खोट्या ठरवल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर, खरी गाडी ओळखण्यापेक्षा खोटी पकडण्यात त्यांना जास्त गोडी लागली होती. समोरच्याचा चेहरा पडला की आपण काही तरी आहोत असं वाटायचं.

पाटोद्याजवळच्या एका गावात विठ्ठलराव म्हणून मोठे शेतकरी होते. सारं गाव त्यांना आबा म्हणायचं. जमीनजुमला चांगला, थोरला मुलगा विजयसिंह राजकारणात. आबांकडे गोठ्याच्या पडवीत बीएसए कंपनीची एक जुनी मोटारसायकल होती. आबा तरुणपणी हैदराबादला शिकायला होते, तेव्हा घेतलेली. ही गोल्ड स्टार आहे, शर्यतीसाठी बांधलेली आहे, आणि हिच्यावर बसून आपण मद्रासजवळच्या शोलावरमच्या शर्यतीत तिसरे आलो, असं ते सांगायचे. शोलावरमला विमानाची जुनी धावपट्टी होती, तिच्यावर शर्यती व्हायच्या. आबा ती गोष्ट लग्नात सांगायचे, बारशात सांगायचे, सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा सांगायचे. पोरं त्यांना माघारी 'रेसर आबा' म्हणायची. मात्र आबा पांढरं धोतर सावरत त्या गाडीवरून पाटोद्याच्या बाजाराला निघाले की तीच पोरं आवाज ऐकायला रस्त्यावर यायची.

आबांची नात सायली हिचा साखरपुडा ठरला, मुलगा माजलगावचा. विजयसिंहांनी अप्पांना आग्रहाचं बोलावणं केलं होतं. अप्पा नवा पांढराशुभ्र शर्ट घालून गेले. जेवणं झाली, पानसुपारी झाली, आणि आबा पाहुण्यांना घेऊन पडवीत गेले. गोष्ट सुरू झाली. धावपट्टी, वळण, पुढे दोनच गाड्या. माजलगावचे व्याही शहादेवराव मिश्कील माणूस. ते म्हणाले, "आबा, गाडी शर्यतीची हाय म्हणून कोण सांगतंय? तुमीच ना?"

कुणी तरी मागून म्हणालं, "अप्पा आलेत की मांजरसुंब्याचे. त्यांनाच इचारा. त्यांच्याफुडं खोटं टिकत न्हाई."

सगळ्यांच्या माना वळल्या. आबा हसून म्हणाले, "या अप्पा, या. तुमीच बघा. सांगा ह्यांना."

गाडी उजव्या अंगानं भिंतीला खेटून उभी होती. अप्पांनी डावीकडून इंजिनाचा नंबर बघितला. तो स्वच्छ दिसत होता, बीबी तेहतीस. म्हणजे बी तेहतीस नावाच्या साध्या गाडीचं इंजिन. मग हँडलखाली, फ्रेमच्या मानेवर त्यांनी मोबाइलचा उजेड मारला. रंगाचे थरावर थर चढलेले. अंगठ्याच्या नखानं त्यांनी खरवडलं. सीबी तीन, आणि पुढे एक उभी रेघ. एकतीस. साधीच फ्रेम. गोल्ड स्टारची असती तर बत्तीस असता. गोल्ड स्टारच्या फ्रेमला उजव्या अंगाची खालची नळी ऑइल पंपाला जागा द्यायला मुद्दाम वाकवलेली असते, हे अप्पांना आपल्या नावाइतकं पाठ होतं. ती बघायची तर गाडी भिंतीपासून ओढावी लागली असती आणि खाली शेणामातीत गुडघे टेकावे लागले असते. मंडळी वाट बघत होती. अप्पांनी रुमालानं हात पुसले.

"बी तेहतीस," ते म्हणाले. "कॉमन गाडी हाय. तसल्या गावोगाव होत्या. बिल्ला मागून लावलेला हाय."

मग शहादेवराव खो खो हसले आणि त्यांच्यामागे सगळे. विजयसिंहही हसले.

"तो बिल्ला मी न्हाई लावला अप्पा," आबा हळूच म्हणाले. "गाडी आली तवापासून हाय."

"आबा, माणसं खोटं बोलतेत," अप्पा म्हणाले, "नंबर बोलत न्हाई."

ह्या वाक्यावर आणखी मोठा हशा झाला. अप्पांना ते आवडलं. घरी येऊन त्यांनी ते बायकोला, गंगासागरला, सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत असं बोलायचं कावून?" अप्पा म्हणाले, "खरं ते खरं."

त्यानंतर आबांनी गाडीवर ताडपत्री टाकली. बाजाराला ते मुलाच्या जीपमधून जाऊ लागले, आणि सायलीच्या लग्नात त्यांनी शोलावरमचं नाव काढलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. अप्पा दहाव्याला जाऊन आले. त्यांच्या मनाला काही टोचलं नाही, कारण टोचण्यासारखं काही झालंय हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

आबांच्या माघारी विजयसिंहांनी पडवी पाडून शेळ्यांसाठी शेड बांधायला काढली. त्यांनी अप्पांना फोन केला. "अप्पा, तेवढी गाडी घेऊन जावा. तुमीच म्हणलातं साधी हाय म्हणून. भंगारात घालायचा जीव होत न्हाई. तुमच्याकडं कुणाच्या तरी कामाला येईल."

अप्पांना सोयीचंच होतं. लातूरचे एक डॉक्टर बी तेहतीस उभी करत होते, त्यांना इंजिन हवं होतं. अप्पा पिकअप घेऊन गेले. गडीमाणसांनी गाडी चढवली. विजयसिंह पैशाचं नाव घेऊ देईनात. आबांच्या पत्नी वच्छलाबाई दारात उभ्या होत्या. पिकअप वळेपर्यंत त्या दारातून हलल्या नाहीत.

दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अप्पांनी काम सुरू केलं. इंजिनाचे नटबोल्ट सोडले, साखळीच्या कप्पीनं ते वर उचललं आणि बाजूला ठेवलं. फ्रेम रिकामी झाली. दुपारचं ऊन पत्र्याच्या फटीतून आत येत होतं. अप्पा फ्रेमच्या उजव्या बाजूला आले आणि तिथंच थांबले.

खालची नळी सरळ नव्हती. जिथं ऑइल पंप येतो तिथं ती चार बोटं आधीपासून बाहेर झुकली होती आणि पंपाला वळसा घालून पुन्हा आपल्या जागी आली होती. अपघातानं वाकलेली नळी अशी वाकत नाही. ती कुणी तरी विचार करून, साच्यात घालून वाकवलेली होती.

अप्पांनी रंग काढायचं औषध आणलं आणि फ्रेमच्या मानेवर लावलं. काळा रंग फुगून आला. त्याखाली हिरवा, त्याखाली पुन्हा काळा. कापडानं पुसत ते खाली खाली गेले. सीबी तीन. आणि त्याच्यापुढे, रंगाच्या पुटाखाली वरची कमान आणि तळाची आडवी रेघ बुजून फक्त पाठ उरलेला, स्वच्छ कारखान्याच्या ठोक्यातला दोन.

बत्तीस.

गंगासागर जेवायचा डबा घेऊन आली तेव्हा अप्पा जमिनीवर बसले होते, पाठ भिंतीला, हातात काळं फडकं.

"काय झालं? बरं न्हाई का?"

"आबाची गाडी खरी हाय," अप्पा म्हणाले.

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. ती डबा ठेवून समोर बसली. "मंग सांगा की जाऊन."

"कुणाला सांगू? माणूस गेला."

"घरचे हायत की."

"सांगतो," अप्पा म्हणाले. "जरा खात्री करून घेतो."

खात्री तर झाली होती. नळीनं केली होती, आकड्यानं केली होती. पण अप्पांनी ती पुन्हा पुन्हा केली. इंग्लंडमधल्या जुन्या गाड्यांच्या एका मंडळाला बहिणीच्या मुलाकडून इंग्रजीत मेल लिहून घेतली. उत्तर आलं की त्या आकड्याची फ्रेम मद्रासच्या व्यापाऱ्याकडे पाठवलेली होती आणि शर्यतीच्या जुळणीची होती. आता शंकेला तिळाएवढी जागा उरली नाही. तरीही अप्पा गेले नाहीत. आज दुकानात माल येणार आहे, उद्या अमावस्या आहे, परवा विजयसिंह मुंबईला गेलेत. रोज एक कारण सापडायचं. मनात खरी भीती वेगळीच होती. मांजरसुंब्याच्या अप्पानं अस्सल गोल्ड स्टार डोळ्यांदेखत चुकवली, हे एकदा पसरलं की आपला शब्द कोण मानणार?

त्यातच पुण्याच्या एका शौकिनाचा फोन आला. तो कित्येक वर्षं गोल्ड स्टारची फ्रेम शोधत होता. "अप्पा, तुमच्या भागात काही आहे का?"

फ्रेम अप्पांच्या पाठीमागे होती. "न्हाई साहेब," ते म्हणाले, "एक आलीती, पण ती साधी निघाली."

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पहिल्यांदा त्या गाडीला खोटं म्हणाले ते चुकून. आता जाणूनबुजून म्हणाले होते. आधीची चूक होती. हे पाप होतं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. सकाळी लिंगपूजेला बसले, तळहातावरच्या इष्टलिंगाकडे बघता येईना, म्हणून डोळे मिटून घेतले.

असेच दिवस गेले. एके दिवशी पाटोद्याकडून आलेली एसटी चौकात थांबली आणि तिच्यातून वच्छलाबाई उतरल्या. बरोबर माहेरी आलेली सायली होती. त्या बीडला डोळे दाखवायला निघाल्या होत्या. सायलीला बसथांब्यावर ठेवून त्या रस्ता ओलांडून एकट्याच दुकानात आल्या. अप्पा ताडकन उठले, खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बसत न्हाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "दुसरी गाडी यील एवढ्यात. अप्पा, एक मागायला आले. त्या गाडीच्या टाकीवरचा बिल्ला हाय ना, चांदणीचा? तेवढा द्या मला काढून. खोटा असला तरी चालतंय. रोज सकाळी त्याच्यावरून त्यांचा हात फिरायचा."

अप्पा शेडमध्ये गेले. टाकीवरचा गोल बिल्ला स्क्रूड्रायव्हरनं सोडवला. बिल्ला पुसून त्यांनी आणून दिला. वच्छलाबाईंनी तो पदराच्या टोकाला बांधला.

"लई जपायचे गाडीला," त्या म्हणाल्या. मग जणू स्वतःशीच, "शेवटी शेवटी तर मलाच इचारायचे. आगं, मी खरंच गेलतो का शोलावरमला? का आपलं मनातच धरून बसलो म्हणायचे. मी म्हणायची, गेलता की. तर म्हणायचे, मंग नंबर खोटा कसा बोलंल?"

बाहेर एसटी आली. सायलीनं हाक मारली. वच्छलाबाई निघाल्या. त्याच वेळी बोलायला हवं होतं. "काकू, थांबा," एवढंच म्हणायचं होतं. बस निघून गेली, तरी ते दुकानाच्या पायरीवर तसेच उभे होते. एका माणसाचं स्वतःचं आयुष्य आपण त्याच्या हातातून काढून घेतलं, आणि तेही टाळीसाठी.

दुसऱ्या दिवशी दुकान गंगासागरवर सोपवून ते हैदराबादला निघाले. गाडीची खात्री झाली होती. आता माणसाची करायची होती. आबा खरंच शोलावरमला गेले होते, हे सांगणारा कुणी तरी जिवंत हवा होता. हैदराबादच्या जुन्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर अप्पांनी विचारलं होतं, आणि एका पोरानं कळवलं होतं की माझे आजोबा तेव्हा शर्यतीच्या गाड्या बांधायचे, येऊन बोला.

सिकंदराबादच्या एका बोळात, वरच्या मजल्यावर अब्दुल रज्जाक उस्ताद गादीवर टेकून बसले होते. नजर गेलेली, पण कान तिखट. अप्पांनी फ्रेमचा आकडा सांगितला, काही ओळख पटली नाही. गाडीचं नाव सांगितलं, उस्तादांनी नुसती मान डोलावली. मग अप्पा म्हणाले, "पाटोद्याचे विठ्ठलराव."

"पाटोदा का विठ्ठल?" म्हातारा सरळ बसला. "अरे हौ मियाँ! वो तो कालेज का लडका था, हमारे गराज पे पडा रहता था. गाडी मैं बांधा उसकी, मैं! कैसा है वो?"

"गेले. गेल्या उन्हाळ्यात."

उस्तादांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. थोडा वेळ ओठांतल्या ओठांत काही म्हटलं. मग आपणहूनच सांगायला लागले. शोलावरमचं ऊन, धावपट्टीच्या कडेनं रचलेलं पेंढ्याचं कुंपण, विठ्ठलच्या अंगात उधार मागून आणलेलं कातडी जाकीट.

"तिसरा आले होते म्हणायचे," अप्पा म्हणाले.

"तीसरा आया नहीं. तीसरे पे था," उस्ताद म्हणाले. "आखरी चक्कर में इंजन बैठ गया. व्हॉल्व टूटा, पिस्टन फटा, सब गया. सब लोगां निकल गए, पर ये लडका गाडी छोडा नहीं. धूप में ढकलते ढकलते लाया, लकीर पार किया, फिर गिरा. मैं रोया उस दिन. वैसा इंजन फिर मिलता कहाँ? मैंच बी-तेत्तीस का बिठाके दिया उसको, गाँव जाने के वास्ते."

परतीच्या बसमध्ये अप्पा खिडकीशी बसून होते. शर्ट नवा होता म्हणून आपण ज्या गाडीपुढे गुडघा टेकला नाही, ती गाडी तो पोरगा उन्हात ढकलत घेऊन गेला होता.

घरी आल्यावर त्यांनी लातूरच्या डॉक्टरांना नकार कळवला, इंजिन पुन्हा फ्रेममध्ये चढवलं, चाकं बसवली, आणि पिकअप घेऊन आबांच्या गावी गेले. वच्छलाबाई ओसरीवर ज्वारी निवडत होत्या. विजयसिंह फोनवर होते. अप्पांनी गाडी उतरवायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. भीती अशी होती की थांबलं तर पुन्हा राहून जाईल. आकडा, नळी, इंग्लंडचं उत्तर, हैदराबादचे उस्ताद, सगळं. पुण्याच्या माणसाशी बोललेलं खोटंसुद्धा. बिल्ला न्यायला आलात तेव्हा मला ठाऊक होतं, हेही.

विजयसिंहांनी फोन खिशात घातला. "म्हणजे खरी हाय? आयला! अप्पा, मंग मोठा कार्यक्रमच घेऊ. आबांचा फोटो, गाडी, बॅनर..."

"तू गप," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांचे हात सुपात थांबले होते. "अप्पा, एक सांगा. त्या दिवशी तुमी खाली वाकून बघितलं कावून न्हाई?"

वाटेत अप्पांनी ह्या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं जुळवली होती. उजेड कमी होता, गाडी भिंतीला होती, रंग जाड होता. सगळी खरी होती.

"शर्ट नवा होता काकू," ते म्हणाले.

वच्छलाबाईंनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. "तिसरे आले न्हाईत, हे मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "लोकांना तिसरा म्हणायचे. मला लग्नाच्या वर्षीच खरं सांगितलंतं. ढकलत नेली म्हणून. ते लोकांना सांगा म्हणलं तर म्हणायचे, ढकलली म्हणलं की हसतेत लोक. म्हणून त्या दिवशीबी इंजिन बदलल्याचं बोलले न्हाईत." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मीबी लई वेळा म्हणायची, बास करा आता ती गोष्ट. तुमी एकदाच बोललात. मी जन्मभर बोलले."

"तसं न्हाई काकू..."

"असू द्या. दसऱ्याला माजलगावचे व्याही येणार हायत. तवा या. जे तवा हसले त्यांच्यासमोर सांगा. बॅनर नको."

दसऱ्याला अप्पा गेले. पडवी राहिली नव्हती, म्हणून गाडी अंगणात उभी केली होती, झेंडूची माळ घालून. शहादेवराव आले होते, सायली आणि तिचा नवरा होता, गावातली दहावीस माणसं सोनं द्यायला आलेली. अप्पा पुढे झाले. घसा खाकरून म्हणाले, "साखरपुड्याच्या दिवशी मी ह्या गाडीला साधी म्हणलो. आबांना खोट्यात काढलं. खोटा मी होतो." मग ते अंगणातल्या मातीत गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी ती वाकलेली नळी दाखवली, आकडा दाखवला, उस्तादांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, ढकलत नेल्याचंसुद्धा. कुणी हसलं नाही.

शहादेवरावांनी वाकून नळीवरून बोट फिरवलं. "असंय व्हय," ते म्हणाले. "पर अप्पा, तुमी एवढं मनाला कावून लावून घेतलं? आमाला तर त्या दिवशीचं काही ध्यानातबी न्हाई."

अप्पांना वाटलं, कुणी तरी दोन थपडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं. जे हसले ते त्याच संध्याकाळी विसरून गेले होते. ध्यानात ठेवलं ते फक्त आबांनी. आणि आज ज्यांना ऐकवायचं होतं, ते ऐकायला नव्हते. दोनचार पोरं गाडीजवळ फोटो काढून घेत होती. बाकीची माणसं आपट्याची पानं वाटत पुढच्या घरी निघाली.

बातमी मात्र पसरली. पुण्याच्या शौकिनाला कळली, तो स्वतः गाडी घेऊन गावात आला. वच्छलाबाईंनी त्याला चहा दिला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. विजयसिंह काही दिवस आईशी नीट बोलले नाहीत. अप्पांचे फोनही कमी झाले. अप्पाचा डोळा गेला, असं कुणी कुणी म्हणू लागलं. अप्पांनी ते खोडून काढलं नाही. फोटो आला की ते एवढंच सांगतात की फोटोवर मला कळत नाही, गाडी जिथं असेल तिथं मी येतो. कित्येकांना तेवढी सवड नसते. जिथं जातात तिथं ते आधी गाडी भिंतीपासून ओढायला लावतात, आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला आधी बोलू देतात. गाडी खोटी निघाली तर मालकाला बाजूला घेऊन सांगतात.

पाटोद्याकडे काम निघालं की ते आबांच्या घरी थांबतात, इंजिनात ऑइल बघतात, किक मारून थोडा वेळ चालू ठेवतात. पहिल्या वेळी वच्छलाबाई बाहेर आल्या नाहीत. दुसऱ्या वेळी गड्याबरोबर पाणी पाठवलं. परवा त्या ओसरीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "त्या हैदराबादच्या म्हाताऱ्यानं काय सांगितलंतं, ते पुन्यांदा सांगा."

अप्पा सांगू लागले. दुसऱ्या वळणावर विठ्ठलरावांनी एकाला मागं टाकलं, असं म्हणाले तेव्हा वच्छलाबाईंनी हात वर केला.

"दुसऱ्या न्हाई," त्या म्हणाल्या, "तिसऱ्या वळणावर. दुसऱ्याला घसरले व्हते. ढोपर फुटलंतं. नीट सांगा."

"चुकलं काकू," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.